ट्रॅकिऑस्टॉमीनंतर कफ घट्ट का होतो: एसी, ऊन आणि हवेतलं पाणी

प्रश्न नागपूरहून आला आहे. वडील ६८ वर्षांचे. पक्षाघातानंतर ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवली, दोन महिने रुग्णालयात होते, आता घरी आहेत. व्हेंटिलेटर नाही, श्वास स्वतः घेतात. मे महिना, खोलीत एसी २२ वर. आठवडाभरापासून कफ डिंकासारखा झाला आहे, सक्शनची म्हणजे कफ ओढून काढण्याची नळी आत जाताना अडते, इनर ट्यूब (मुख्य नळीच्या आतली, काढून धुता येणारी नळी) काढली की आत खपल्या दिसतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, एसीच्या थंडीने कफ झाला, बंद करा. बंद केला की ४४ अंशांच्या उकाड्यात बाबा तळमळतात. मुलीने विचारलं आहे: हवा किती गार आणि किती दमट ठेवू?

ताई, आधी एक सांगते. अतिदक्षता विभागात काम करायला लागून मला २५ वर्षं झाली, आणि ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होताना पाहिलं ती म्हणजे श्वासातलं पाणी. औषध चुकलं तर कुणीतरी विचारतं. हवा कोरडी राहिली तर दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या लक्षात आलं, ते वेळेवर आलं.

आता कफाबद्दल. कफ हा शब्द आपण आजारासारखा वापरतो, पण निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही तो सतत तयार होत असतो आणि सतत वर सरकत असतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात ज्या पेशी असतात, त्यांतल्या बहुतेक पेशींवर प्रत्येकी साधारण २०० अतिसूक्ष्म केस असतात. पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, आम्ही वॉर्डात सिलियाच म्हणतो. लांबी सहा-सात मायक्रॉन, आणि सेकंदाला दहा ते पंधरा फटके. हे केस पाण्यासारख्या पातळ थरात उभे असतात, आणि त्यांच्या टोकांवर चिकट श्लेष्म्याचा, म्हणजे कफाचाच, थर तरंगतो. केस ताठ होऊन पुढे फटका मारतो तेव्हा त्याचं टोक वरच्या चिकट थराला ढकलतं, आणि परत येताना तो वाकून पातळ थरातून खालून येतो. वल्हं पाण्यात मारायचं आणि उचलून मागे आणायचं, तसं. धूळ, जंतू, धुराचे कण त्या चिकट थराला चिकटून मिनिटाला पाच-दहा मिलिमीटर या वेगाने घशाकडे येतात, आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. रात्री झोपेतसुद्धा.

हे सगळं पाण्यावर चालतं. चांगल्या श्लेष्म्यात शंभरातले ९७-९८ भाग पाणी असतं. त्यातलं थोडं पाणी उडालं की तो आधी घट्ट होतो. मग केसांभोवतीचा पातळ थर आटतो, केस वरच्या चिकट थराखाली दबून आडवे होतात, फटके मंदावतात. वल्हं पाण्यात चालतं, चिखलात रुततं. त्याही पुढे कोरडेपणा तसाच राहिला तर पेशीच इजा होऊन गळायला लागतात आणि नळीत रक्ताचे धागे असलेली खपली दिसते. १९९६ साली विल्यम्स या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून हाच क्रम मांडला होता. श्वासातली हवा ३७ अंश आणि पूर्ण संपृक्त (मावेल तेवढ्या पाण्याने भरलेली) या स्थितीपासून जितकी दूर, आणि जितका जास्त वेळ दूर, तितकी या पायऱ्यांवरची घसरण मोठी. म्हणजे तासभर कोरडी हवा आणि आठवडाभर कोरडी हवा यांत फार मोठा फरक आहे. बाबांचा आठवडा झाला आहे.

आता तुमचा खरा प्रश्न: तापमान की दमटपणा? इथे जवळजवळ सगळेच फसतात, कारण मोबाइलवर किंवा भिंतीवरच्या मीटरवर जी टक्केवारी दिसते ती फुप्फुसाच्या कामाची नाही. ती फक्त एवढंच सांगते की त्या तापमानाच्या हवेत जितकं पाणी मावू शकतं त्यातलं किती टक्के आहे. गार हवेत मुळात पाणी मावतंच कमी. फुप्फुसाला कळतं ते एका लिटर हवेत किती मिलिग्रॅम पाणी आहे एवढंच. खोल श्वासनलिकेत हवा पोहोचते तेव्हा ती ३७ अंशांची आणि पूर्ण भरलेली असावी लागते, म्हणजे लिटरमागे ४४ मिलिग्रॅम. जितकं कमी, तितकं पाणी वाटेतल्या अस्तरातून काढून घेतलं जातं.

मी तीन ठिकाणांचा हिशेब मांडते. नागपुरात मे महिन्यातली दुपार, ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता: लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम. तुमची एसीची खोली, २२ अंश आणि ४५ टक्के: पुन्हा सुमारे ९. आणि पुण्यात डिसेंबरची पहाट, १२ अंश, मीटरवर चक्क ८० टक्के, दाट धुकं पडायच्या बेताला: तिथेही साडेआठ-नऊच. एक हवा भाजते, एक बरी वाटते, एक गोठवते, आणि श्वासनलिकेच्या दृष्टीने तिन्ही सारख्याच कोरड्या. म्हणून एसी बंद करून बाबांना उकाड्यात ठेवलंत तर त्यांच्या कफाला काहीच मिळणार नाही, उलट घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होईल. कोकणातल्या जुलैची २७ अंश आणि ९० टक्क्यांची हवा मात्र लिटरमागे २३ मिलिग्रॅम घेऊन येते. रत्नागिरीहून मुंबईला येऊन ट्रॅकिऑस्टॉमी झालेले रुग्ण पावसाळ्यात घरी गेले की कफ सैल झाला म्हणून सांगतात, त्यामागे हेच आहे.

तूट किती मोठी, तेही पाहा. ४४ वजा ९, म्हणजे लिटरमागे ३५ मिलिग्रॅम. आजारी माणूस मिनिटाला साधारण आठ लिटर हवा घेतो. दिवसभराचा गुणाकार केला तर सुमारे ४०० मिलिलिटर, दोन पेले पाणी, फक्त श्वासातली हवा दमट करण्यासाठी श्वासमार्गाच्या अस्तराने द्यायचं. पाण्याची वाफ करायला उष्णताही तिथूनच जाते. हवा गार असेल तर ती तापवण्याचा खर्च वेगळा, पण तो त्यामानाने लहान. मुख्य बोजा बाष्पीभवनाचा.

मग आपल्या सगळ्यांचे कफ का सुकत नाहीत? कारण नाक. नाकाच्या आत शंखासारख्या वळलेल्या हाडांवर रक्ताने भरलेलं ओलं अस्तर असतं. हवा त्या अरुंद फटींतून वळसे घेत जाते आणि घशापर्यंत पोहोचेस्तोवर ३२-३४ अंशांची, जवळजवळ भरलेली होते. उरलेलं काम श्वासनलिका करते, आणि तिचे दोन फाटे होतात त्याच्या खाली साधारण पाच सेंटिमीटरवर हवा पूर्ण तयार असते. बाहेर पडताना गार झालेल्या नाकावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि दिलेल्यातला चतुर्थांश ते तृतीयांश भाग परत मिळतो. ही यंत्रणा किती दणकट आहे? १९७४ साली डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांना ७८ तास २३ अंशांच्या, अवघ्या ९ टक्के आर्द्रतेच्या स्वच्छ हवेत ठेवलं, तरी त्यांच्या नाकातल्या श्लेष्म्याचा वेग मंदावला नाही. म्हणून नाकाने श्वास घेणाऱ्या धडधाकट माणसाला मी एसीची भीती कधी घालत नाही. (उंदरांवरचा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा २०१९ चा प्रयोग वेगळं सांगतो. १०-२० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या उंदरांची श्लेष्मा हलवण्याची क्षमता घटली आणि फ्लूशी झुंजही कमी पडली. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, पण ज्यांची छाती आधीच अधू आहे त्यांच्या बाबतीत मी हा निकाल मनात ठेवते.)

बाबांची हवा नाकातून जातच नाही. गळ्यातल्या छिद्रातून ९ मिलिग्रॅमची हवा थेट श्वासनलिकेवर आदळते. नाकाचं काम श्वासनलिकेवर पडतं, आणि हवा पूर्ण तयार होण्याची ती सीमा खाली, लहान फाट्यांकडे सरकते. तिथल्या अस्तराला हे काम झेपत नाही. बाहेर जाणारी वाफही नाकावर न थांबता खोलीत निघून जाते, परतफेड जवळजवळ बंद. बाबांच्या नळीत जी खपली दिसते ती थंडीने झालेली नाही. एसीने कफ तयारही केलेला नाही. कफ तितकाच होता, त्याचं पाणी गेलं आणि तो ढकलणारे केस थकले.

थंडीचा संबंध अगदीच नाही असंही नाही. सिलियांना उष्णता लागते. शरीराच्या तापमानाला ते जोमात असतात, आणि गार होत गेले तसे फटके कमी होतात. गार आणि कोरडी हवा दम्याच्या रुग्णाच्या नळ्या आक्रसवते, हेही खरं. हिवाळ्यात नाक गळतं तो नाकाचाच प्रतिसाद आहे, गार हवा भरून काढायला ते जास्त पाणी सोडतं. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं जे पाहिलं त्यात तथ्य आहे. पण २२ अंशांच्या खोलीतला मुख्य दोष गारवा हा नाही.

आता करायचं काय. बाबांच्या नळीवर लावायला एचएमई (हीट अँड मॉइश्चर एक्स्चेंजर) मिळतो, वॉर्डात त्याला ‘कृत्रिम नाक’ म्हणतात. बोटभर प्लॅस्टिकची डबी, आत कागदाची किंवा स्पंजची घडी. बाहेर पडणारा श्वास तिच्यात उष्णता आणि पाणी ठेवून जातो, आत येणारा श्वास ते परत उचलतो. नाकाची परतफेड, फक्त कागदावर. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरच्या २०१२ च्या सूचना एचएमईकडून लिटरमागे किमान ३० मिलिग्रॅम मागतात, आणि तापवणाऱ्या ह्युमिडिफायरकडून, म्हणजे पाणी तापवून हवा दमट करणाऱ्या यंत्राकडून, ३३ ते ४४. ट्रॅकिऑस्टॉमीवरच्या छोट्या एचएमईतून ३० ला पोहोचता आलं तर तुमची तूट ३५ वरून १४ वर येते, ४०० मिलिलिटरच्या जागी सुमारे १६०. दर २४ तासांनी नवा लावा, आणि कफाने माखला तर लगेच. धुऊन पुन्हा वापरायचा नाही, आणि पाण्यात भिजवायचा तर मुळीच नाही. ओला झाला की त्यातून श्वास ओढायला जोर लागतो.

पण एक अट आहे. कफ घट्ट आणि रक्ताळलेला असताना एचएमई लावला की तोच तुंबू शकतो. त्यामुळे आधी दोन-तीन दिवस कफ सोडवायचा. साध्या ०.९ टक्के सलाइनचं (मिठाच्या निर्जंतुक पाण्याचं) नेब्युलायझेशन, म्हणजे यंत्राने केलेला बारीक फवारा, ट्रॅकिऑस्टॉमीच्या मास्कमधून, दिवसातून तीन-चार वेळा, आणि त्यानंतर लगेच सक्शन. नेब्युलायझेशनच्या वेळी एचएमई काढून ठेवायचा. इनर ट्यूब सध्या दर तीन-चार तासांनी काढून पाहा. एरवी दिवसातून दोन-तीनदा पुरते. हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. कफाचा रंग हिरवा-पिवळा झाला असेल, ताप असेल, धाप वाढली असेल तर हे निव्वळ हवेचं प्रकरण नाही, छाती तपासून घ्यावी लागेल. आणि ऑक्सिजन लागत असेल तर नीट ऐका: सिलिंडरमधून येणारा ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण कोरडा असतो. बुडबुड्यांची बाटली त्याला खोलीच्या तापमानाचंच पाणी देते, नाकातून दोन-तीन लिटर घेणाऱ्याला ते चालून जातं, गळ्याच्या नळीला ते कमी पडतं. अशा वेळी तापवणारं ह्युमिडिफायर मागा.

खोलीच्या हवेबाबत विदर्भाकडे एक चांगली सोय आधीपासून आहे: कूलर. मेच्या कोरड्या दुपारी कूलरच्या ओल्या जाळ्यांतून आलेली हवा तीसेक अंशांची आणि निम्म्याहून जास्त दमट असते. म्हणजे लिटरमागे सोळा-सतरा मिलिग्रॅम, एसीच्या जवळपास दुप्पट. बाबांना तेवढा गारवा पुरत असेल तर उन्हाळ्यात मी एसीपेक्षा कूलरच्या बाजूने आहे. खिडकी थोडी उघडी ठेवा, झोत थेट गळ्यावर नको. मात्र टाकीतलं पाणी रोज बदलायचं, आठवड्यातून एकदा टाकी आणि जाळ्या घासून सुकवायच्या. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, ते उघड्या श्वासनलिकेत गेले तर मोठं संकट, आणि डेंग्यूचे डास वेगळेच. एवढी स्वच्छता जमणार नसेल तर एसी २६ वर ठेवा आणि सगळा भार एचएमईवर टाका. २२ चा २६ केल्याने लिटरमागे फक्त दोन-तीन मिलिग्रॅमचा फायदा होतो, पण बाबांना गारठा कमी लागतो. बाजारातलं धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घ्यायचं तर त्यात बोअरचं पाणी घालू नका. क्षार हवेत उडून पांढरी भुकटी बसते, फर्निचरवर दिसते ती छातीतही जाते. डिस्टिल्ड पाणी वापरा, भांडं रोज रिकामं करून सुकवा. खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली की पुरे. त्यावर गेली तर भिंतीला बुरशी धरते.

वाफ घेण्याबद्दल हमखास विचारलं जातं. पातेल्यावर टॉवेल घेऊन दिलेली वाफ दहा मिनिटं बरी वाटते, तूट मात्र २४ तासांची आहे. आणि अर्धांगाच्या रुग्णाला उकळत्या पाण्याजवळ बसवणं मला मान्य नाही, भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. भरपूर पाणी पाजल्यानेही कफ पातळ होत नाही. अंगात पाणी कमी असेल तर भरून काढायचं, त्याहून जास्त पाजलेलं लघवीवाटे जातं. एचएमई संपला आणि दुकान बंद, अशी वेळ आली तर स्वच्छ गॉजचे दोन पदर सलाइनने ओले करून, घट्ट पिळून, नळीच्या तोंडासमोर सैल बांधा. कापूस कधीही नको, त्याचे तंतू आत ओढले जातात. आणि नळीत सरसकट सलाइन ओतून सक्शन करण्याची सवय लागली असेल तर ती सोडा. ओतलेलं पाणी कफात नीट मिसळत नाही, आणि रुग्ण घुसमटतो.

सक्शन करताना दाब ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्यात, एका वेळी दहा सेकंदांच्या आत, आणि सक्शनची नळी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक रात्र आहे. मी नवशिकी असताना एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवरच्या एका बाईंची जबाबदारी माझ्याकडे होती. ह्युमिडिफायरच्या भांड्यातलं पाणी संध्याकाळी कधीतरी संपलं होतं. गरम करणारी प्लेट चालू, दिवा हिरवा, भांडं कोरडं. रात्री दोनच्या सुमारास व्हेंटिलेटरचा दाब वाढायला लागला. मी छाती ऐकली, औषधं दिली, दम्याचा झटका समजले. पहाटे सक्शनची नळी आत जाईना तेव्हा ट्यूब बदलली. काढलेली ट्यूब उजेडाकडे धरली. आठ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये तपकिरी, काचेसारखा कडक थर चढला होता, मधोमध पेन्सिलच्या शिशाएवढं भोक. त्या भोकातून त्या बाई तीन तास श्वास घेत होत्या. त्या वाचल्या. त्या पहाटेपासून राउंड घेताना मी रुग्णाच्या आधी भांड्यातलं पाणी पाहते, आणि रुग्णाजवळच्या नळीच्या आत दवासारखे थेंब आहेत का ते बघते. थेंब असले की हवा भरलेली आहे, एवढं कळतं. (ते थेंब भांड्यात किंवा रुग्णाकडे परत ओतायचे नसतात, ते जंतूंचं घर असतं.)

तुमच्या घरी धोक्याची खूण अशी: श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मानेचे स्नायू ओढून घेतलेला श्वास, घाम, बेचैनी, सक्शनची नळी ठरावीक खुणेपर्यंत न जाणं. तेव्हा सगळ्यात आधी इनर ट्यूब बाहेर काढा. बहुतेक वेळा खपली तिच्यातच असते आणि रस्ता लगेच मोकळा होतो. एचएमई असेल तर तोही काढा. तरीही श्वास मोकळा झाला नाही तर सक्शन, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन. धुतलेली एक जादा इनर ट्यूब, त्याच मापाची आणि एक माप लहान अशा दोन ट्रॅकिऑस्टॉमी ट्यूब, कात्री आणि टॉर्च पलंगाशी एका डब्यात कायम ठेवा. वीज जाते तेव्हा पायाने चालणारं सक्शन यंत्र उपयोगी पडतं, जवळ असू द्या.

आठवडाभर रोज सकाळी इनर ट्यूब काढल्यावर ती पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खपली जाऊन ओलसर, धागा सुटणारा कफ दिसायला हवा. तसं झालं नाही तर फोटो डॉक्टरांना दाखवा.

जूनच्या मध्यावर तुमच्याकडे पाऊस आला की कूलर बंद करा, तेव्हा त्याने हवा गारही होत नाही आणि खोली फक्त ओलसर राहते. एचएमई मात्र तेव्हाही काढू नका. भर पावसातल्या हवेतही लिटरमागे २३ मिलिग्रॅमच पाणी असतं, आणि बाबांच्या छातीला ४४ लागतात.